कॉनराड फाइट: डोळे, हात, ओठ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जर्मन मूकपटांतला थोर नट म्हणून कॉनराड फाइटचे नाव घेतात, पण 'डॉक्टर कॅलिगारी'मधला झोपेत चालणारा तरुण आणि 'कॅसाब्लांका'मधला नाझी मेजर यापलीकडे त्याचे काम तुम्ही पाहिलेले नाही. त्यातही 'कॅलिगारी'मधला अभिनय तुम्हाला भडक वाटला. मग या माणसाचे मोठेपण कशात, आणि एकांकिका करणाऱ्या आजच्या नटाने त्याच्याकडून काय घ्यायचे?

मी नटांना आंगिक अभिनय शिकवतो. काही जण नाटकातले असतात, काही मालिकांतले. त्यामुळे हे उत्तर अभ्यासकापेक्षा तालीम घेणाऱ्याचे आहे, असे समजून वाचा.

आधी माझे मत सांगून टाकतो. फाइटच्या ज्या भूमिका शंभर वर्षांनंतरही पाहवतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीत नटाचे एखादे मुख्य हत्यार काढून घेतलेले आहे. एकीत डोळे मिटलेले, एकीत हात स्वतःचे नाहीत, एकीत ओठ कायमचे खिळलेले. आवाज तर मूकपटात मुळातच नव्हता. आपल्याकडे नट म्हटला की आधी वाचिक आठवते आणि मग चेहरा. या माणसाकडून दोन्ही काढून घेतले तरी तो खांदे, मान, पाठ आणि बोटे यांवर सगळा कारभार चालवत असे. त्याच्याइतके हे कोणी केलेले मला तरी दिसत नाही, आणि मूकपटांतले मोठे नट मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता 'भडक' या आक्षेपाकडे वळतो. त्यातला अर्धा दोष प्रतीचा असू शकतो. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे निघत. बोलपट आल्यावर हा वेग २४ वर कायम झाला. जुनी प्रत तशीच २४ च्या वेगाने चालवली की माणसे सव्वा ते दीडपट घाईने हलतात. फाइटचे तर सगळे भांडवलच संथपणा! तो जिथे हात उचलायला जीवघेणा वेळ घेतो, तिथे या प्रतीत हात झटक्यात वर जातो, आणि भीतीच्या जागी हसू येते. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रतींची ही गत आहे, शिवाय चित्र पुसट, त्यामुळे डोळ्यांभोवतीचे सगळे बारकावे काळ्या डागांत बुडालेले. 'कॅलिगारी'ची मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवली गेली. ती मिळवून बघा. तुमच्या मताचे काय होते ते मग बोलू.

उरलेला अर्धा आक्षेप खरा आहे. फाइट मोठा अभिनय करतो, हातचे राखून नाही. पण मोठा आणि भडक यांत फरक असतो आणि तो फरक तो कुठून शिकला हे पाहण्यासारखे आहे.

जन्म बर्लिनचा, २२ जानेवारी १८९३. शाळेत यथातथाच. पुढे तो माक्स राइनहार्टच्या 'डॉइचेस थिएटर'मध्ये शिरला आणि लहानसहान कामे करू लागला. राइनहार्ट हा त्या काळचा युरोपातला सर्वांत वजनदार दिग्दर्शक. त्याच्याकडे मोठे नाट्यगृह होते आणि त्याला लागून १९०६ पासून एक छोटेही होते, जिथे प्रेक्षकाला नटाची पापणीही दिसे. एकाच संस्थेत आज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे काम आणि उद्या पहिल्या रांगेतल्या माणसाच्या श्वासाइतके जवळचे काम. वेर्नर क्राउस आणि एमिल यानिंग्स हे त्याच मुशीतले. जर्मन मूकपटांत एवढे तगडे नट एकदम कसे आले याचे निम्मे उत्तर राइनहार्टच्या तालमींत आहे.

मग युद्ध आले. १९१४ च्या अखेरीस तो लष्करात भरती झाला. पूर्वेकडच्या आघाडीवर कावीळ आणि न्यूमोनियाने गाठले, आणि बरा झाल्यावर सैनिकांसाठी नाटके करणाऱ्या आघाडीवरच्या रंगमंचांवर त्याने कामे केली. १९१७ च्या सुरुवातीला बर्लिनला परत आला आणि त्याच वर्षी पडद्यावर दिसू लागला. अंगकाठी सहा फुटांहून उंच आणि कमालीची कृश, गालाची हाडे वर आलेली, डोळे मोठे आणि फिके. नायकाचे रूप हे नव्हे. निर्मात्यांनी त्याला वेडे, खुनी, झपाटलेले लोक द्यायला सुरुवात केली, आणि तो ते इतके मन लावून करू लागला की पुढे त्यातून त्याची सुटका झाली नाही.

१९१९ मधले एक काम मात्र या साच्यात बसत नाही, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही म्हणून मुद्दाम सांगतो. चित्रपटाचे नाव 'आंडर्स अल्स दी आंडर्न', म्हणजे इतरांहून वेगळे. दिग्दर्शक रिखार्ड ओसवाल्ड. जर्मनीत कलम १७५ खाली पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते. या कायद्याविरुद्ध लढणारे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी पटकथेत हातभार लावला आणि स्वतः डॉक्टरच्या भूमिकेत उभेही राहिले. फाइट व्हायोलिनवादक पाउल क्योर्नर झाला आहे. त्याचा आपल्या शिष्यावर जीव जडतो, एक गुंड हे कळून त्याला पैशासाठी पिळतो, प्रकरण कोर्टात जाते, क्योर्नरची नाचक्की होते आणि तो विष घेतो. १९१८ च्या क्रांतीनंतर सेन्सॉर उठलेला होता म्हणून हा चित्रपट निघू शकला. १९२० मध्ये सेन्सॉर परत आला आणि त्याचे जाहीर प्रदर्शन बंद झाले. आज त्याचे काही तुकडेच उरले आहेत. तेही हिर्शफेल्डनी पुढे आपल्या माहितीपटात वापरले होते म्हणून वाचले. या तुकड्यांत फाइट काय करतो ते पाहा: तो लाजत नाही, दयाही मागत नाही. पिळणारा गुंड समोर येतो तेव्हा त्याचा चेहरा जवळपास कोरा राहतो, ताठ होते ती फक्त मान. त्या काळात अशी भूमिका घेणे म्हणजे धंद्यावर धोंडा पाडून घेण्याची तयारी. त्याने ती घेतली आणि तिची टिंगल होऊ दिली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनच्या वायसेनझे भागातल्या स्टुडिओत 'डॉक्टर कॅलिगारी'चे चित्रण सुरू झाले. दिग्दर्शक रोबर्ट वीने. २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रपटगृहात तो लागला. तिरक्या भिंती, टोकदार खिडक्या, रंगवलेल्या सावल्या यांबद्दल तुम्ही वाचले असेल, ते मी पुन्हा सांगत नाही. नटाच्या दृष्टीने त्यातला प्रश्न वेगळा होता. नेपथ्य असे वाकडे असताना माणसाने सरळ कसे चालायचे? त्या चित्रपटातले बहुतेक नट हा प्रश्न सोडवत नाहीत. नायक फ्रान्सिस नेहमीच्या नाटकातल्यासारखा हातवारे करत त्या चित्रातून फिरतो, आणि तो तिथला वाटत नाही. भडकपणा वाटतो तो तिथे. क्राउसचा कॅलिगारी, म्हणजे संमोहन करणारा जत्रेतला डॉक्टर, आणि फाइटचा चेझारे, म्हणजे त्याच्या ताब्यातला तो झोपेत चालणारा तरुण, ही दोनच पात्रे त्या रंगवलेल्या गावात जन्मलेली वाटतात.

जत्रेतला प्रसंग घ्या. तंबूत उभी पेटी उघडली जाते, आत चेझारे डोळे मिटून उभा. कॅलिगारी त्याला जागे व्हायला सांगतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. आता सामान्य नट काय करेल? डोळे उघडेल. फाइट आधी काहीच करत नाही. मग ओठाच्या आसपास बारीक थरथर येते, नाकपुड्यांत श्वास शिरल्यासारखे होते, पापण्या हलतात पण उघडत नाहीत, आणि मग ते डोळे उघडतात, उघडतच राहतात, तुम्हाला वाटते आता थांबतील त्याच्या पुढेही. गंमत अशी की डोळे पूर्ण उघडल्यावर त्यांत काही दिसत नाही. झोप संपली, पण माणूस जागा झालेला नाही. डोळ्यांत भाव आणायला आपण सगळेच शिकवतो. डोळे उघडे ठेवून त्यांतला भाव काढून घेणे हे किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

पुढे रात्री कॅलिगारीच्या हुकमावरून तो चित्रपटाची नायिका जेन हिला मारायला तिच्या घराकडे निघतो. काळ्या, अंगाला घट्ट कपड्यांत, भिंतीला चिकटून, पालीसारखा सरकत. त्याचा एक हात भिंतीवरून चालतो आणि शरीर हाताच्या मागून येते. खिडकीतून आत शिरतो, सुरा उचलतो आणि थांबतो. सगळ्या चित्रपटात हा एकच क्षण असा आहे की चेझारेला स्वतःचे काहीतरी सुचले. आणि ते दाखवायला फाइटने निवडले काय, तर उचललेल्या हाताचे हळूहळू सैल पडणे. चेहरा नंतर बदलतो. आधी मनगट, मग खांदा, मग चेहरा. वर्गात हा तुकडा मी आवाज बंद करून आणि पडद्याचा वरचा भाग कागदाने झाकून दाखवतो. चेहरा दिसत नसतानाही कुठे मन बदलले ते विद्यार्थी बरोबर सांगतात.

इथे पुण्याची एक आठवण काढल्यावाचून राहवत नाही. प्रभातच्या 'सैरंध्री'च्या रंगकामासाठी शांताराम जर्मनीला गेले होते, आणि परतल्यावर प्रभातच्या पुण्यातल्या नव्या स्टुडिओत १९३४ साली 'अमृतमंथन' झाला. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचे डोळे पडदाभर येतात. ते डोळे फाइटवरून घेतले असे मी म्हणणार नाही, तसा दाखला माझ्याकडे नाही. पण दोन्ही एकामागोमाग पाहा. चंद्रमोहनचे डोळे आज्ञा देतात, फाइटचे घेतात. एकच युक्ती, दोन टोके. आणि ज्या आवारात तो चित्रपट झाला तिथेच आज देशभरातली मुले चित्रपट शिकायला येतात.

यानंतरची काही वर्षे झरझर सांगतो, कारण कामाचा पूर आला होता आणि त्यातले बरेच आज उपलब्धही नाही. दिग्दर्शक मुर्नाऊबरोबर केलेला 'यानुसकोप्फ' (१९२०) हा एका देहात दोन माणसांचा चित्रपट हरवलेला आहे, आणि मूकपटांच्या हानींपैकी ही एक मोठी. 'लेडी हॅमिल्टन'मध्ये तो नेल्सन झाला, मग इटलीच्या इतिहासातला चेझारे बोर्जा, मग व्हायोलिनवादक पागानिनी. पागानिनी त्याच्या हाडापेराला शोभणारा, पण मला ते काम थोडे मिरवण्याचे वाटते.

१९२१ मधला 'दास इंडिशे ग्राबमाल', म्हणजे भारतीय समाधी, आपल्याला कुतूहल म्हणून पाहायला हवा. दिग्दर्शक जो माय (Joe May) याने बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फमध्ये देवळे आणि राजवाडे उभारले आणि फाइट त्यात आयान नावाचा महाराजा आहे. बायकोने दगा दिला म्हणून सूडाने पेटलेला राजा युरोपातून वास्तुविशारद बोलावतो. त्यातला भारत पाहून तुम्हाला हसू येईल. मंदिर कुठले, मूर्ती कुठली, पोशाख कुठला, काही ताळमेळ नाही. फाइट मात्र त्या गदारोळात शांत बसतो, आणि बसणे हीच त्याची सत्ता होऊन जाते. पटकथा थेआ फॉन हार्बो आणि फ्रित्स लांग यांची. याच हार्बोबाईंनी पुढे बेळगावकडचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी बर्लिनमध्ये गुपचूप लग्न केले. ती कथा वेगळी आणि लांबलचक, पण कागदावरचा भारत लिहिणाऱ्या बाईच्या घरात पुढे मराठी मुलुखातला माणूस आला, हे मला नेहमी मजेशीर वाटते.

आता 'ओर्लाक्स हेंडं', ओर्लाकचे हात. १९२४, दिग्दर्शक पुन्हा वीने, निर्मिती ऑस्ट्रियातली. तुम्ही नट असाल तर फाइटचे हे काम टाळू नका. ओर्लाक हा नामांकित पियानोवादक. रेल्वेच्या अपघातात त्याचे दोन्ही हात जातात. डॉक्टर फाशी दिलेल्या एका खुनी माणसाचे हात त्याला जोडतो. ओर्लाकला हे कळते आणि तिथून तो स्वतःच्या मनगटांना घाबरून जगू लागतो. शेवटी उलगडा वेगळाच होतो, तो सांगत नाही.

हातांवरच्या चित्रपटात नट हातांचे चाळे करून दाखवेल असे आपल्याला वाटते. फाइट हात जवळपास स्थिर ठेवतो आणि बाकीचे शरीर त्यांच्यापासून दूर नेतो. खांदे मागे, छाती आत, मान वळलेली, आणि हात मात्र पुढे, जणू दुसऱ्या कोणाचे तरी सामान त्याला धरायला दिले आहे. कुठेही बसला तरी हात मांडीवर ठेवायचा नाही, कारण मांडी आपली आणि हात परके. बायको जवळ येते तेव्हा त्याचे अख्खे धड तिच्याकडे झुकते आणि कोपरापासून पुढचा भाग मागे राहतो. एवढ्या एका हालचालीत संसाराची वाताहत सांगून होते. मग सुरा हाती येतो तो प्रसंग. हात पुढे ओढत आहेत आणि माणूस मागून फरफटत चालला आहे असे वाटते. प्रत्यक्षात ओढणारे कोणी नाही. ती ओढ पाठीच्या कण्यातून उभी केलेली आहे.

चित्रपट म्हणून 'ओर्लाक' मधूनमधून रेंगाळतो, हेही सांगायला हवे. वीने हा मोठा दिग्दर्शक होता असे मला वाटत नाही. 'कॅलिगारी'त नेपथ्यकारांनी त्याला तारले, इथे फाइटने.

त्याच वर्षी पाउल लेनीच्या मेणाच्या पुतळ्यांवरच्या चित्रपटात तो रशियाचा क्रूर झार इव्हान द टेरिबल झाला, आणि पाउल त्सिनरच्या 'न्यू'मध्ये यानिंग्स नवरा, एलिझाबेथ बेर्गनर बायको आणि फाइट तिचा कवी प्रियकर. यानिंग्स आणि फाइट एका चौकटीत पाहणे हा चांगला धडा आहे. यानिंग्स जागा व्यापतो, त्याचा देह, त्याची पाठ, त्याचे घाम पुसणे सगळे तुमच्या अंगावर येते. फाइट जागा सोडतो, आणि तुमची नजर त्या सोडलेल्या जागेत जाते. ज्यांना एकपात्री करायचे आहे त्यांनी यानिंग्स पाहावा. ज्यांना समोरच्याबरोबर प्रवेश करायचा आहे त्यांना माझी शिफारस फाइटची.

१९२६ चा 'प्रागचा विद्यार्थी' (दिग्दर्शक हेन्रिक गालेन) तांत्रिक अंगाने बघण्यासारखा. गरीब विद्यार्थी बाल्डुइन पैशासाठी आरशातले आपले प्रतिबिंब विकतो आणि ते प्रतिबिंब आरशातून बाहेर येऊन त्याच्या नावाने नको ते करू लागते. विकत घेणारा पुन्हा वेर्नर क्राउसच. दोन्ही रूपे एका चौकटीत आणण्याची त्या काळची रीत अशी: भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, अर्ध्या चौकटीत चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, आता दुसरा अर्धा भाग झाकून पुन्हा चित्रण. म्हणजे नटाला रिकाम्या जागेकडे बघून, मघाशी आपण किती अंक मोजून वळलो होतो हे आठवून, स्वतःशीच खेळायचे. फाइटने दोघांत फरक ठेवला तो वजनाचा. बाल्डुइन पाय टाकतो तेव्हा टाच वाजावी असा, प्रतिबिंब मात्र जमिनीला न दुखावता येते.

हॉलिवूडला त्याला तिथला नट जॉन बॅरिमोरने बोलावले, 'द बिलव्हेड रोग'मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई करण्यासाठी. चित्रपट १९२७ चा. मग युनिव्हर्सल कंपनीने त्याला धरून ठेवले आणि १९२८ साली 'द मॅन हू लाफ्स' आला. मूळ गोष्ट व्हिक्टर ह्यूगोची. दिग्दर्शक पाउल लेनी, तोही आता अमेरिकेत. राजाच्या हुकमाने एका उमरावाच्या मुलाचे तोंड कापून त्यावर कायमचे हसू कोरलेले आहे. हा ग्विनप्लेन मोठा होऊन जत्रेत लोकांना हसवतो, आणि त्याच्यावर प्रेम करते ती डीया आंधळी आहे.

रंगभूषाकार जॅक पिअर्स. पुढे फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचा चेहरा घडवला तो हाच. फाइटच्या तोंडात मोठ्या दातांची कवळी बसवली होती आणि तिला लावलेल्या धातूच्या आकड्यांनी ओठांचे कोपरे मागे खेचून धरलेले असत. ती घातली की बोलता येत नसे. म्हणजे मूकपटातही नट ओठ हलवून जे बोलत असतो तेसुद्धा गेले. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग कायम हसरा. भुवया, कपाळ आणि डोळे एवढेच आता त्याच्या ताब्यात.

आणि त्यातून त्याने काय काढले! डीयाच्या बोटांना आपले तोंड लागू नये म्हणून तो चेहरा वळवतो, गळपट्टा वर ओढतो, बाहीत तोंड लपवतो, प्रत्येक वेळी वेगळ्या घाईने. सरदारीण जोसियाना त्याला बोलावून घेते तेव्हा त्याच्या डोळ्यांत आधी शंका, मग आशा, मग लाज, आणि खाली ते हसू तसेच. शेवटाकडे तो उमरावांच्या सभेत उभा राहतो आणि सगळे सभागृह त्याच्याकडे बघून हसते. तो रागावला आहे, रडतो आहे, आणि चेहरा त्यांच्या हसण्यात सामील झालेला. या प्रसंगात डोळे आणि ओठ एकमेकांशी भांडत असतात आणि प्रेक्षकाला एका वेळी दोन्हीकडे बघता येत नाही, म्हणून तो अस्वस्थ होतो. सुरुवातीला ज्याला मारले जाते तो ग्विनप्लेनचा बापही फाइटनेच केला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

या चेहऱ्याचे छायाचित्र पुढे १९४० साली बॅटमॅनच्या चित्रकथेतला जोकर घडवणाऱ्यांसमोर होते. जोकर सगळ्यांना माहीत आहे. पण ग्विनप्लेन जोकरच्या उलट आहे, तो कोणाचे वाईट चिंतत नाही. जोकर करायला मिळालेल्या नटाने ग्विनप्लेन पाहिला तर त्याला हसण्याआधीचे काम सापडेल.

मग बोलपट आला. फाइटचे इंग्रजी तेव्हा कच्चे होते. १९२९ मध्ये तो जर्मनीला परतला. लेनी त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये वारला. बोलपटाने कित्येक मूकपट नटांना गिळले, त्यात फाइट नाही. त्याचा आवाज खोल आणि सावकाश होता, अंगात जो संथपणा तोच जिभेवर. 'डेर कोंग्रेस टान्स्ट'मधला (१९३१) त्याचा मेटर्निख, म्हणजे ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी, बघा: बिछान्यात बसून चोरून ऐकणे आणि त्याची मजा घेणे. हा माणूस विनोदी होता हे तिथे कळते. पुढे हे अंग त्याला फारसे वापरू दिले गेले नाही.

१९३३ मध्ये हिटलर आला. फाइटची तिसरी बायको लिली हंगेरीची आणि ज्यू. चित्रपटधंद्यातल्या सगळ्यांना वंशाची माहिती भरून द्यावी लागत होती. फाइट स्वतः ज्यू नव्हता, तरी त्याने त्या रकान्यात 'ज्यू' असे लिहिले, ही हकिकत त्याच्या चरित्रांतून येते. तो इंग्लंडला गेला आणि १९३४ साली तिथल्या 'ज्यू स्यूस'मध्ये त्याने ज्यू नायक सहानुभूतीने रंगवला. १९४० मध्ये नाझींनी तेच नाव घेऊन ज्यूद्वेषाचा विखारी चित्रपट काढला, त्यात एकापेक्षा अधिक ज्यू पात्रे केली वेर्नर क्राउसने. कॅलिगारी तिकडे राहिला आणि चेझारे पळाला, असे मी वर्गात म्हणतो, आणि मुले क्षणभर गप्प होतात. यानिंग्सही तिकडेच राहिला. उत्तम नटाचे पहिले ऑस्कर मिळवलेला हा माणूस नाझींच्या प्रचारपटांत झळकला. गंमत म्हणजे फाइटची पहिली बायको, कॅबरे गाजवणारी गुसी होल, पुढे यानिंग्सची बायको झाली. अभिनयाची गुणवत्ता आणि माणसाची हिंमत यांचा एकमेकांशी संबंध असतो का, असे मला विचारतात. या तिघांकडे पाहून तरी नाही. क्राउस नट म्हणून फाइटपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

१९३९ मध्ये फाइट ब्रिटिश नागरिक झाला. दिग्दर्शक मायकेल पॉवेलबरोबर 'द स्पाय इन ब्लॅक', मग 'द थीफ ऑफ बगदाद' (१९४०), ज्यात आपल्या म्हैसूरकडचा साबू चोर आहे आणि फाइट दुष्ट वजीर जाफर. इथे प्रथमच ते डोळे रंगीत दिसतात आणि दिग्दर्शकांनी त्यांवर प्रकाशाची पट्टी टाकून चेझारेचा हिशेब उलटा फिरवला आहे. आता मोहिनी घालणारा तोच.

अमेरिकेत पोचल्यावर ज्यांच्यापासून पळाला त्यांचेच गणवेश त्याच्या वाट्याला आले. नाझी करायचा तर तो खलच असला पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष होता. 'नाझी एजंट'मध्ये (१९४२) जुळ्या भावांची दुहेरी भूमिका आहे, एक भाऊ नाझी आणि दुसरा विरोधक, प्रागच्या विद्यार्थ्याला बोलपटात भेटल्यासारखे वाटते. 'कॅसाब्लांका'तला मेजर स्ट्रासर म्हणजे त्याच्या दृष्टीने डाव्या हातचा मळ. तरीही तो खुर्चीत बसतो कसा ते बघा, परवानगी न घेता, पण आवाज न करता. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला. वय ५०.

आता तुमचा कामाचा प्रश्न, काय आणि कसे बघायचे. 'कॅलिगारी'पासून पुन्हा सुरुवात करू नका. आधी 'द मॅन हू लाफ्स' बघा, तो आजच्या डोळ्यांना सर्वांत सोपा, गोष्टही पकड घेणारी. मग 'ओर्लाक', तोही एका बैठकीत नको, मध्ये थांबून. त्यानंतर 'कॅलिगारी'ची चांगली प्रत. तोवर तुमच्या नजरेला या माणसाचा वेग सवयीचा झालेला असेल. 'न्यू' आणि 'प्रागचा विद्यार्थी' पुढे सवडीने. 'आंडर्स अल्स दी आंडर्न'चे तुकडे कधीही.

आणि तालमीसाठी एक. तुमच्या चालू एकांकिकेतला कुठलाही एक प्रवेश घ्या. पहिल्या दिवशी तो हात पाठीमागे बांधून करा. दुसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल बांधून, संवाद मनातल्या मनात म्हणत. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून, समोरच्या नटाच्या भरवशावर. प्रत्येक वेळी विंगेत बसलेल्या कोणाला तरी विचारा, प्रवेश कुठे कळला नाही. तिथे तुमचे शरीर रिकामे आहे. चौथ्या दिवशी सगळे सोडून नेहमीसारखा करा. आरसा ठेवू नका आणि मोबाइलवर चित्रण करून लगेच बघत बसू नका, नाहीतर लक्ष पुन्हा चेहऱ्यावर जाईल. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे, त्यापुढे खांदे आखडतात.